बिल डेव्हिस यांच्यावर लेख छापा

संपादक साहेब, नमस्कार. आपली कितीतरी मुलं कॅनडात शेरिडन, हंबर, सेनेका कॉलेजला शिकायला येतात, पण ही कॉलेजं ज्यांच्यामुळे उभी राहिली त्या बिल डेव्हिसांचं नाव कुणाला माहीत नसतं. 1959 ला ते कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे आमदार झाले, 1962 ला शिक्षणमंत्री आणि 1965 ला त्यांनीच कायदा आणून कम्युनिटी कॉलेजं काढली, म्हणजे युनिव्हर्सिटीत न जाणाऱ्या पोरांच्याही हाताला कामाचं शिक्षण मिळावं म्हणून. 1971 ते 85 प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्रीच, आणि आल्या आल्या टोरोंटोत जुन्या वस्त्यांमधून जाणार असलेला स्पॅडायना एक्सप्रेसवे हा मोठा रस्ता थांबवला, त्या वस्त्या वाचल्या. कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे सहसा सरकारी खर्च आवरा म्हणणाऱ्यांपैकी असून सरकारी पैसा शिक्षणात ओतणारा हा नेता मला खरंच फार मोठा वाटतो, त्यांच्यावर सविस्तर लेख छापा ना प्लीज.

– एक वाचक, ब्रॅम्प्टन