हरकतींची मुदत संपल्याचे कात्रण

मा. माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

रस्तारुंदीकरणात माझ्या घराची पुढची भिंत जाणार असल्याची जाहीर नोटीस आपल्या सरकारच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली होती, हे मला हरकतींची ३० दिवसांची मुदत संपल्यानंतर ११ व्या दिवशी, मोजणीला आलेल्या माणसांकडून कळले. नोटिसा वृत्तपत्रांत छापणे बंद होणार नाही, असे आश्वासन आपण गेल्या वर्षी सभागृहात दिले होते. ते मात्र छापून आले होते, म्हणून त्याचे कात्रण माझ्याजवळ आहे.

मी २७ वर्षे एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. एक आकडा चुकला तर भलत्याच्याच जमिनीवर गंडांतर येईल, या धास्तीने अशाच नोटिसा मी रोज रात्री दोन-दोनदा वाचत असे. पुढे छापील आवृत्ती बंद झाली, तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवून आम्हाला घरी पाठवले, आणि आता मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी मी मोबाइलच्या पडद्यावर माझ्याच घराची नोटीस हुडकावी, अशी आपली अपेक्षा आहे. आपली दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे; माझी जवळचीही उरलेली नाही.

वाचकच इंटरनेटकडे गेला, त्याला सरकार काय करणार, असे आपण म्हणाल. पण वाचकापेक्षा वेगाने जाहिराती गेल्या. अमेरिकेतील वृत्तपत्रांचे जाहिरात-उत्पन्न २००५ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होते, ते २०२० मध्ये १० अब्जांच्याही खाली आले. छोट्या जाहिराती फुकटच्या संकेतस्थळांनी नेल्या, मोठ्या गूगल-फेसबुकने. हाती राहिल्या त्या नोटिसा. ऑस्ट्रियात १७०३ मध्ये सुरू झालेले 'वीनर त्साइटुंग' हे दैनिक कंपन्यांना सक्तीने छापाव्या लागणाऱ्या नोटिसांच्या पैशांवर तग धरून होते. २०२३ मध्ये कायद्याने ती सक्ती उठवली आणि ३० जूनला त्याचा छापील दैनिक म्हणून शेवटचा अंक निघाला. आपल्याला हा कित्ता गिरवायचा असेल, तर निदान सभागृहात तसे सांगायचे होते.

बातम्या चाळता चाळता नोटीस आपोआप नजरेस पडे. संकेतस्थळावर काय शोधायचे, हे आधीच ठाऊक असावे लागते. संबंधित कार्यालयात गेलो, तर संकेतस्थळ पाहा म्हणाले. संकेतस्थळ म्हणते, संबंधित कार्यालयाशी संपर्क साधा. लोकांना कळावे म्हणून ही यंत्रणा नोटीस काढतच नाही, 'कळवले होते' असे उद्या न्यायालयात सांगता यावे म्हणून काढते, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

हरकतींची मुदत पुन्हा खुली करावी, नोटीस छापावी आणि या पत्राचे उत्तर टपालाने पाठवावे. भिंत पाडण्याची तारीख त्यात असल्यास आकडा तपासून घ्यावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक