यंत्रणेआधी प्रभागाला विचारा

महोदय,

२०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात देशातील १०० शहरे निवडली गेली, पण त्यांत रत्नागिरी वा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एकही शहर नव्हते. केंद्राकडून प्रत्येक शहराला ५०० कोटींपर्यंत आणि तेवढाच वाटा राज्य व स्थानिक संस्थेचा, अशी ती रचना होती. आता छोट्या नगरपरिषदांसाठी तंत्रज्ञानाचे अनुदान मागायचे असेल, तर कॅमेरे आणि दिव्यांच्या निविदांपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणने वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरलेले पाहिले. नदीची पातळी मोजणारे संवेदक येथे निश्चितच उपयोगी आहेत. मात्र पाणी प्रथम कोणत्या गल्लीत चढते आणि भोंगा कुठे ऐकू येत नाही, हे तिथले रहिवासीच सांगू शकतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्या, त्यामुळे आपल्याकडे ही विचारपूस प्रशासनाच्या मर्जीवरच (आणि ती मर्जी निवडणुकीच्या तोंडावरच जागते!) राहते.

म्हणून अनुदानाच्या प्रस्तावाला प्रभागसभेचे इतिवृत्त जोडण्याची अट शासनाने घालावी आणि देखभालीचा खर्चही त्याच सभेपुढे मांडावा.

एक नागरिक, चिपळूण