शाकारणी आणि पैरा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यंदा घर शाकारायला कुणाला बोलवत नाही. मला आता छपरावर चढवत नाही, मग जो आपल्याकडं राबेल त्याच्याकडं राबून पैरा फेडू कसा?" मागून आई काहीतरी सांगत होती, ते नीट ऐकू आलं नाही. तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून लिहिते.

खानापूरचा पाऊस, वारा, माकडं, वाळवी. दरवर्षी रीप कुजतात, कौलं सरकतात. सरकलेलं कौल आपणहून जागेवर आलेलं तुम्ही कधी पाहिलंत? कॉलेजात मुलांना मी हेच शिकवते. विस्कटायच्या वाटा असंख्य, नीट राहायच्या मोजक्या. त्या विस्कटण्याच्या मापाला भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी 1865 मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिलं.

मग जीव टिकतो कसा? भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी 1943 मध्ये डब्लिनच्या व्याख्यानांत सांगितलं की जीव बाहेरची सुव्यवस्था खाऊन स्वतःला सावरून धरतो. आपलं भात ऊन पिऊन वाढतं, ते आपण खातो आणि ऊब बाहेर टाकतो. नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण 100 वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतो. म्हणजे अंगातली शाकारणी रोजचीच, आणि ती एकट्याच्या बळावर निभत नाही. कोस्टारिकात रक्त पिऊन जगणारी वटवाघळं आहेत. दोन-तीन रात्री उपास घडला की मरतात. म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त काढून भरवतं, आणि ज्यानं आधी भरवलेलं असतं त्याला अडीनडीला मिळायची शक्यता जास्त. हा पैराच की! निसर्गाच्या नियमात चांगुलपणा कुठं लिहिलेला नाही. टिकून राहणं मात्र इतकं महाग आहे, की एकमेकांना धरावंच लागतं. नीतीचं मूळ मला तिथं दिसतं.

पण तुम्ही दोघं तर त्याच्याही पुढं गेलात. लावणीच्या दिवसांत आपलं शेत मागं ठेवून वरच्या आळीतल्या आज्जीच्या शेतात आधी जायचात. तिच्या घरी पैरा फेडायला होतं कोण? मी तेव्हा विचारलं, तर आई म्हणाली, "तिचं रोप पिवळं पडालंय, बघत बसू काय?"

बाबा, तेव्हा तिच्याकडून फेड मागितली नाहीत, मग आज स्वतःकडून का मागता? तुम्ही कुणाला हाक मारलीच नाहीत, तर ज्यांना यायचंय त्यांनी यावं तरी कसं?

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. कौलं वर द्यायला मी उभी राहीन. तुम्ही अंगणात खुर्ची टाकून बसा आणि कुठला वासा बदलायचा ते सांगा. ते तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही. शेजारच्या काकांना तेवढा आजच निरोप द्या. आणि आई, सगळ्यांच्या भाकऱ्या एकटीनं थापायला घेऊ नकोस, मी पोचेपर्यंत थांब.

तुमची,
ताई