बिल्ल्यावर काय ठेवायचं

कामठी

प्रिय मुक्ता,

विदर्भातल्या काल्पनिक पलटणीसाठी तू काढलेलं चिन्ह पाहिलं. वाघ, झिरो माइलचा खांब आणि त्याचे घोडे, दोन तलवारी, संत्रं, मागे सूर्यकिरण, खाली तिरंगी पट्टी. तुझी आई म्हणाली, "काऊन बाप्पा, एवढुशा बिल्ल्यात सारं नागपूरच कोंबलं पोरीनं!" माझंही म्हणणं तेच आहे, फक्त जरा लांबण लावून सांगतो.

आधी मापाचं बोलू. बाहीवरचं चिन्ह तळहाताहून लहान असतं. आपल्या भरतकामाच्या मशीनवर मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ धड उठत नाही, दोरा दबतो. वाघाचे पट्टे एकात एक जातील, घोड्यांचे पाय तर विसरच. भारतीय लष्कराच्या पाचव्या डिव्हिजनचं चिन्ह बघ: काळ्यावर लाल गोळा, संपलं. 'बॉल ऑफ फायर' म्हणतात त्याला. ही चिन्हं पहिल्या महायुद्धात रुजली ती याच सोयीसाठी. तुकडीचं नाव न लिहिता आपल्या माणसाला ओळख पटावी आणि शत्रूला काही कळू नये.

पण नुसतं साधं असूनही भागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे, तो शोभेचा नव्हे. हलकं पायदळ पांगून लढायचं, तेव्हा हुकूम बिगुलावर जायचे. आपल्या कामठीच्या गार्ड्सचा, म्हणजे 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या रेजिमेंटचा, गरुड घे. 1949 मध्ये लष्करप्रमुख करिअप्पांनी ही रेजिमेंट उभी केली ती पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या चार रेजिमेंटच्या पहिल्या बटालियन घेऊन. भरती सगळ्या जातीप्रांतांची. अशा वेळी कुठल्या एकाच प्रांताची खूण घेतली असती तर बाकीचे रुसले असते. गरुड सगळ्यांना चालला, असं मला वाटतं.

आणि महार रेजिमेंट. ही गोष्ट तुला नीट माहीत असायला हवी. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी पलटण उभारली आणि युद्ध सरल्यावर मोडून टाकली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि 1941 मध्ये बेळगावला रेजिमेंट उभी राहिली. तिच्या टोपीवर भीमा कोरेगावचा विजयस्तंभ होता, तोच, जिथे बाबासाहेब 1 जानेवारी 1927 ला गेले होते. 1946 मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर आडव्या आल्या. पुढे स्वातंत्र्यानंतर स्तंभ गेला, त्याच्या जागी खंजीर आला. व्हिकर्स स्वतः कधीच निवृत्त झाली, बिल्ल्यावर मात्र अजून ठाण मांडून आहे. स्तंभ काढायला नको होता, असं माझं मत. आपल्या दुकानात चहा प्यायला येणारे एक निवृत्त सुभेदारसाहेब उलट म्हणतात: रेजिमेंटमध्ये आता सगळे येतात, खंजीर कुणालाही आपला वाटतो. आमचा हा वाद मिटलेला नाही.

म्हणून तुझ्या चिन्हातल्या प्रत्येक वस्तूला विचार, तू इथे कोणत्या हक्कानं बसलीस? संत्र्याला उत्तर देता येणार नाही. तलवारी निम्म्या जगाच्या बिल्ल्यांवर आहेत. वाघ राहू दे, पण फक्त तोंड, तेही समोरून नको, बाजूनं काढ. खांब ठेवायचा तर घोड्यांशिवाय. तिरंगी पट्टी काढूनच टाक, तिरंगा लावायचा तर तो गणवेशावर वेगळा लागतो.

रंग दोनच घे आणि पांढऱ्या कागदावर न बघता ऑलिव्ह हिरव्यावर ठेवून बघ. शनिवारपर्यंत फाइल पाठवलीस तर त्याच दिवशी नमुना काढून कुरिअर करतो, सोमवारपासून मशीनला शाळांच्या बॅजचं काम आहे.

तुझे,
बाबा