मला काही ऊन पडणार नाही

भायखळा, मुंबई

प्रिय चिऊ,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

काल फोनवर तू रडवेली झालीस आणि मी नुसतंच "होईल गं सगळं नीट" म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर डोळा लागला नाही. उपासनेत पिल्लू रडलं, पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं आणि तू दुसरं गीत संपायच्या आत तिला घेऊन बाहेर पडलीस. आता ती मोठी होईपर्यंत मी एकटीच जाऊन येईन म्हणालीस. तसं करू नकोस गं. मार्काच्या दहाव्या अध्यायात बालकांना घेऊन आलेल्यांना दटावलं कोणी? परक्यांनी नाही, शिष्यांनीच. आणि राग प्रभूला त्या शिष्यांचा आला, बालकांचा नाही. त्या बाईंचं मात्र मनात धरू नकोस. कोणाच्या घरी काय चाललेलं असतं, आपल्याला कुठे माहीत असतं.

तू चार वर्षांची होतीस तेव्हाचं सांगते. मे महिना, आपली ती एकच खोली, पत्रा तापलेला. आजी तुला पाटावर बसवून तुझ्या केसांना तेल लावायची आणि तेविसावं स्तोत्र म्हणून घ्यायची. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." तुला 'उणे' कुठलं कळायला? तू ठणकावून म्हणायचीस, "मला काही ऊन पडणार नाही!" आजीने तीन दिवस सुधारायचा प्रयत्न केला. चौथ्या दिवशी म्हणाली, राहू दे, देवाला कळतंय.

त्या रविवारी उपासना सुटल्यावर आपण राणीच्या बागेत निघालो. फूटपाथवर पाय ठेववत नव्हता. तू एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "बघ मम्मी, मला ऊन पडतच नाहीये." मी पाहिलं, तर पप्पा मुद्दाम उन्हाच्या बाजूने चालत होते, त्यांची सावली तुझ्यावर पडेल अशा बेताने. रस्ता वळला की ते बाजू बदलायचे. एक शब्द बोलले नाहीत. त्यांचा उजवा कान उन्हाने लालबुंद झाला होता. ते स्तोत्र मी लहानपणापासून म्हणत आले, पण त्याचा अर्थ मला त्या फूटपाथवर दिसला. आजही तो अध्याय उघडला की माझ्या तोंडी आधी तुझंच वाक्य येतं.

रोजच्या प्रार्थनेचंही तेच. आठ वाजता सगळे खाली चटईवर बसायचो. आपला धाकटा, म्हणजे दादा, तेव्हा तीन वर्षांचा. कुकरची शिट्टी झाली की तो मोठ्याने "आमेन" म्हणून उठायचा, मग पप्पांची प्रार्थना कुठेही असो. तुझी यादी मात्र संपायची नाही. बागेतल्या पाणघोड्याच्या पोटात दुखू नये, कोळीण मावशीचं सगळं पापलेट संपावं, शाळेतल्या बाईंचा खोकला जावा. मला स्वयंपाक उरकायची घाई असायची, आणि खरं सांगते, एकदोनदा मी तुला मध्येच थांबवलंही. त्याचं अजून वाईट वाटतं.

26 जुलै 2005 च्या रात्री मात्र थांबवलं नाही. पप्पा कुर्ल्याला अडकलेले, फोन बंद, पाणी वाढत चाललेलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. दादा मांडीवर झोपून गेला होता. तूच डोळे मिटून म्हणत राहिलीस, "देवबापा, पप्पांना आण, आणि त्यांच्या चपला वाहून जाऊ देऊ नकोस." सकाळी पप्पा दारात उभे राहिले तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता आणि पायात एकच चप्पल. तू आधी ती चप्पल धुवायला घेतलीस.

आणि हंगामाच्या सणाचा लिलाव आठवतो का? चर्चच्या अंगणात टेबलावर मांडलेले दुधी, वांगी, अंडी, टोपलीतला कोंबडा. तुझ्या मुठीत पाच रुपयांचं नाणं. तांबडा भोपळा पुकारला तशी तू ओरडलीस, "पाच!" मागून कोणीतरी पन्नास म्हणालं. तू पुन्हा "पाच!" लिलाव करणाऱ्या काकांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. अख्खी मंडळी गप्प. एक वार, दोन वार, तीन वार, आणि भोपळा तुझा. पप्पांनी नंतर हळूच दानपेटीत पैसे टाकले, ते तुला आज पहिल्यांदा कळतंय. नाताळपर्यंत तू तो भोपळा कापू दिला नाहीस, मग त्याचे घारगे केले आणि मजल्यावरच्या प्रत्येक घरी तू ताटली नेलीस. ज्या घरांतून दिवाळीत आपल्याकडे फराळ यायचा, त्या प्रत्येक घरी.

झोपताना आजी तुम्हाला थोपटत रेव्हरंड टिळकांची गीतं म्हणायची. ना. वा. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात, आणि त्यांचा बाप्तिस्मा 1895 साली आपल्या या मुंबईतच झाला, हे ती दर वेळी सांगायची, जणू कालच घडलंय. तुम्ही दुसऱ्या कडव्याआधीच झोपलेले असायचात, तरी ती गीत पुरं करायची. त्यातलं एक तू परवा पिल्लूला झोपवताना गुणगुणत होतीस. मी फोनवर ऐकलं. तुला ते कोणी बसवून शिकवलेलं नाही, चिऊ.

म्हणून पिल्लूला घेऊन जा. रडली तर बाहेर ये, शांत झाली की परत आत जाऊन बस. पाळकसाहेबांना मुलांच्या आवाजाची सवय असते.

दादा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर आजीचं करंजीचं कातणं पाठवतेय, पितळेचं, तू लहानपणी ज्याला 'गाडी' म्हणायचीस ते. नाताळच्या करंज्यांना पिल्लूच्या हातात दे. कडा वाकड्या येतील, दोनचार तेलात फुटतीलही. चाकात पीठ अडकलं तर पाण्यात बुडवू नकोस, वाळू दे आणि जुन्या टूथब्रशने झाड.

तुझी,
मम्मी