साइट उघडेना म्हणून रेंजला दोष देऊ नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या बेळगाव-खानापूर भागात आता बऱ्याच सोसायट्यांनी वेबसाइट केल्यात, पासबुक मोबाईलवर दिसतंय, चांगलंच आहे, खरं सकाळी जो पहिला उघडतो तो पांढऱ्या स्क्रीनकडं बघत बसतो आणि सगळे म्हणतात रेंज नाही ओ, पाऊस लागलाय. मी अशा साइट सांभाळायचं काम करतो, मी पण आधी तेच म्हणायचो.

यंदा खानापूर तालुक्यातल्या एका सोसायटीचा फोन आला. पहिल्याला 40 सेकंद, त्याच्या मागून येणाऱ्यांना झटक्यात. आता रेंजच नसती तर दुसऱ्यालाही वेळ लागला असता की! सर्व्हर बघितला तर विंडोजचं आयआयएस, म्हणजे साइट लोकांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर. त्यात मुळातच सेटिंग असतंय की 20 मिनिटं कोण फिरकलं नाही तर साइट चालवणारी प्रोसेस बंद, टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपी नावानं दिसते ती. रात्री पासबुक कोण बघतंय? मग सकाळी पहिला माणूस आला की प्रोसेस नव्यानं उठणार, कोड लोड होणार, डेटाबेसचं कनेक्शन जुळणार, आणि तोवर तो बिचारा थांबणार.

ह्यापेक्षा वाईट म्हणजे हप्त्याचे मेसेज. शेताला जायच्या आधी कळावं म्हणून सकाळी 7 ला जायचे होते, खरं तो टायमर साइटच्याच प्रोसेसमध्ये लिहिलेला, ती झोपलेली असली तर टायमर कुठला चालतोय? लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदीत, वेळा बघा: 10:04, 10:11, 9:58, म्हणजे कोणीतरी साइट उघडली की मगच मेसेज सुटायचे. रविवारी तर एकही गेलेला नाही. सोमवारी हप्ता असलेल्या एका आजींना त्यात दंड बसला, त्या तारीख चुकवणाऱ्यातल्या नव्हेत.

बोर्डाच्या मीटिंगमध्ये मोठ्या सर्व्हरचा ठराव येणार होता. कितीही रॅम घाला, 20 मिनिटं ती 20 मिनिटंच राहणार! मी ते 20 मिनिटांचं सेटिंग, आयडल टाइमआउट, 0 केलं, म्हणजे प्रोसेसनं झोपायचंच नाही, आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी गर्दीत साइट परत अडकली. कारण प्रोसेस सारखी चालू राहिली की 1740 मिनिटांनी, म्हणजे 29 तासांनी, ती आपोआप नव्यानं सुरू होते, त्यामुळं वेळ रोज पाच तास पुढं सरकते. मग ते पहाटे 3 ला बांधून घातलं, स्टार्ट मोड ऑलवेज रनिंग, प्रीलोड चालू, म्हणजे कोण यायच्या आधीच साइट तयार, आणि मेसेजचं काम साइटमधून काढून टास्क शेड्युलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीला, दिलं. एक रुपया खर्च नाही, थोडी मेमरी अडकून राहते एवढंच.

तेव्हा ज्या सोसायट्यांना हाच त्रास आहे त्यांनी नवीन मशीन घ्यायच्या आधी साइटवाल्याला एवढंच विचारावं, प्रोसेस आज किती वाजता सुरू झाली? कामावर यायच्या वेळेचीच निघाली तर कारण सापडलं.

गेल्या रविवारी 7 ला सगळे मेसेज गेले, मी घरात बसून लॉग बघितला. त्या आजींचा दंड तेवढा परत द्यावा, ही सोसायटीला विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव