जेसीबीआधी वाहिनी शोधा

भूमिगत गॅसवाहिन्या बदलण्यासाठी आधुनिक यंत्रे वापरावीत, असे सुचवणारा आपल्या दैनिकातील लेख वाचला आणि पटला. मात्र त्यात वेगावर जितका भर आहे, तितका खोदण्यापूर्वीच्या शोधावर नाही. गेल्या उन्हाळ्यात कोथरूडमधील आमच्या गल्लीत केबलसाठी खोदताना जेसीबीचा दात पिवळ्या गॅसवाहिनीत घुसला, शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि पुरवठा बंद होईपर्यंत आम्ही सारे रस्त्यावर उभे होतो. पॉलिथिलीन या प्लास्टिकची वाहिनी साध्या धातुशोधक यंत्राला सापडत नाही. तिच्यासाठी जमिनीत रेडिओलहरी सोडून आतल्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भूवेधी रडारसारखे साधन लागते. रडारने जागा दाखवल्यावर हवेच्या झोताने माती सैल करून ती नळीने ओढून घेणारे यंत्र वापरल्यास वाहिनीला पोलादाचा स्पर्शही होत नाही. पुण्याच्या काळ्या पाषाणात हे यंत्र हतबल ठरेल हे खरे, पण वाहिन्यांभोवती बहुधा भरावाची मातीच असते. नवी वाहिनी तर दोन टोकांना खड्डे घेऊन आडव्या छिद्रातून ओढता येते. पेठांतल्या अरुंद रस्त्यांना दुसरे काय परवडणार? खोदाईची पूर्वसूचना संबंधितांना देण्यासाठी केंद्राने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप सुरू केले आहे. त्यावरील नोंद आणि रडारचा नकाशा जोडल्याशिवाय महापालिकेने खोदाईचा परवाना देऊ नये.

– एक वाचक, कोथरूड, पुणे